मदत हवी आहे: १९७१ ची फियाट, चेसिसची पट्टी गायब आणि आर.सी. बुकही नाही (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. जुन्या गाड्यांची कागदपत्रं ज्यांनी स्वतः आर.टी.ओ.त उभं राहून करून घेतली आहेत, त्यांचा सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण अर्धी माहिती दिली की उत्तरंही अर्धीच येतात.

गाडी फियाट ११००, १९७१ ची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. पुढे जिला पद्मिनी म्हणू लागले त्याच घराण्यातली. गिअर स्टिअरिंगला. पहिला आणि एकमेव मालक माझा मामा, पासिंग कोल्हापूरचंच. नंबर जुन्या पद्धतीचा आहे, एमपासून सुरू होणारी तीन अक्षरं आणि चार आकडे. एम.एच. ०९ नंतर आलं. मामा गेल्या वर्षी वारला. मामी आणि मामेभाऊ दोघांचंही म्हणणं एकच, गाडी भंगारात घालायची नाही, तू चालव. इंजिन सुरू होतंय, ब्रेकचं काम उद्यमनगरात चालू आहे. अडलंय ते कागदांवर.

२०१९ च्या महापुरात शाहूपुरीत मामाच्या घरात पाणी शिरलं, त्यात कपाटाचा खालचा कप्पा गेला आणि त्याबरोबर आर.सी. बुकही. वरच्या कप्प्यात एक जुनी इन्शुरन्स पॉलिसी वाचली. त्यावर गाडीचा नंबर, मामाचं नाव, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर टाइप केलेले आहेत. माझ्या हातात असलेला सगळ्यात भक्कम पुरावा हाच.

आता पट्टीचं, म्हणजे चेसिस (गाडीचा सांगाडा) नंबर असलेल्या धातूच्या पट्टीचं. बॉनेट उघडलं की मागच्या पत्र्यावर ती पट्टी रिवेट मारून बसवलेली असायची. तिथं आता फक्त रिवेटची भोकं आणि चौकोनी फिकट जागा आहे. फार पूर्वी डेंटिंग-पेंटिंग झालं तेव्हा काढली असणार आणि परत बसवलीच नाही, असं मामी सांगते. पत्र्यात पंच केलेला नंबर मात्र शिल्लक आहे, रंगाखाली दबलेला. मी पॉलिश पेपर अजिबात लावला नाही. थिनर आणि कापसानं हळूहळू रंग उतरवला. वर क्रीम, खाली हिरवा, त्याखाली लाल प्रायमर. मग खडू घासला तेव्हा आकडे पांढरे उठून दिसले. सुरुवातीचे सगळे पॉलिसीशी जुळतात. शेवटचे दोन गंजानं खाल्लेत. त्यातला एक तीन आहे की आठ, हे बॅटरी मारून, तिरकं बघूनही कळत नाही. इंजिन ब्लॉकवरचा नंबर स्वच्छ आहे आणि पॉलिसीशी पूर्ण जुळतो.

मला कळलेला मार्ग असा: आधी पोलिसांकडे आर.सी. गहाळ झाल्याची नोंद, मग डुप्लिकेटसाठी फॉर्म २६. मालक मयत असल्यानं वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, त्याची तीन महिन्यांची मुदत उलटून गेलीय, तेव्हा दंड भरावा लागेल, हे गृहीत धरलंय. मग मामीकडून माझ्या नावावर फॉर्म २९ आणि ३०. नोंदणीच्या नूतनीकरणाला फॉर्म २५ आणि गाडीची तपासणी. फी २०२२ मध्ये ५,००० झाली होती, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० केली. वर पर्यावरण कर. पैशाची तक्रार नाही. अडचण अशी की यातल्या तपासणीत साहेब चेसिस नंबर बघणार, पेन्सिलनं घासलेला ठसा अर्जावर मागणार, आणि माझ्या ठशात शेवटचे दोन आकडे उमटतच नाहीत.

एका एजंटानं तोडगा सांगितला. "कशाला डोक्याला ताप करून घेतायसा? पॉलिसीवरचा नंबर द्या, उद्यमनगरात पट्टी पण करून देतो आणि पंच पण मारून देतो, संध्याकाळपर्यंत काम हुतंय." कृपया हा सल्ला इथं कुणी देऊ नका. परवानगीशिवाय चेसिस नंबर पंच करणं हे चोरीच्या गाडीवाल्यांचं काम. उद्या कुणी नीट तपासलं तर मामाची सरळ मार्गानं घेतलेली गाडी चोरीची ठरेल आणि मामीला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागेल. मला ते मान्य नाही. शिवाय नवा ठोका मारला की खालचा जुना ठसा कायमचा जातो. ठसा मारताना आतला पत्राही दाबला जातो, म्हणून वरचा थर गेला तरी प्रयोगशाळेत रसायन लावून आकडे परत दिसू शकतात. ती शक्यता मला हातची घालवायची नाही.

दुसरा सल्ला मिळाला तो व्हिंटेजचा. गाडीला पन्नास वर्षं झालीत, त्यामुळे २०२१ च्या नियमानं 'व्ही.ए.' मालिकेत बसेल, फी वीस हजार. पण आधी नोंद झालेल्या गाडीला तिथंही जुनी आर.सी. लागतेच, आणि व्हिंटेज झालेली गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. दसऱ्याला दसरा चौकात येणाऱ्या छत्रपती घराण्याच्या मेबॅक मोटारीला ते शोभतं. मला मामीला घेऊन जोतिबाला जायचंय, भाजी आणायला लक्ष्मीपुरीत जायचंय. म्हणून साधी नोंदणीच हवी.

तर नेमकं विचारायचं ते हे. कारखान्याकडून खात्रीचं पत्र आणा असं साहेबांनी म्हटलं तर प्रीमियरच्या गाडीसाठी ते आणायचं कुठून? कुणी आणलंय का, की आर.टी.ओ.नं जुन्या नोंदवहीचा उतारा आणि इंजिन नंबर यावर काम भागवलं? इतकी जुनी नोंद 'वाहन' या आर.टी.ओ.च्या संगणक प्रणालीत सापडत नाही. बॅकलॉग एंट्रीसाठी (जुनी नोंद संगणकात चढवण्यासाठी) जुनं रजिस्टर काढायला लावायचं तर अर्ज कुणाच्या नावे करायचा, मामीच्या की माझ्या? एन.सी.आर.बी.च्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) 'वाहन समन्वय' या सेवेवरून गाडी चोरीची नसल्याचा दाखला काढणार आहे, पण तिथं पॉलिसीवरचा पूर्ण नंबर टाकू की दिसतात तेवढेच आकडे? आणि अधिकृत री-पंचिंगची (नंबर पुन्हा ठोकून घेण्याची) परवानगी महाराष्ट्रात कुणाला मिळाली असेल, तर पंच कुणी मारला, आर.टी.ओ.च्या माणसासमोर मारला का, आणि आर.सी.वर त्याचा शेरा आला का?

सांगली, सातारा, बेळगावकडच्या लोकांचा अनुभवही चालेल. ताराबाई पार्कातल्या ऑफिसात पहिला अर्ज द्यायच्या आधी मजकूर नीट बांधायचा आहे. कुणाकडे अशा अर्जाची प्रत असेल तर नाव-नंबर झाकून इथं टाका, मी त्याप्रमाणे लिहितो.