मागच्या बाजूला ७ इंच कमी भरतात. आधी नपती (जमिनीची मोजणी) की सरळ भिंत? (इंदूर)

बिचोलीकर यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. बिचोलीच्या बाजूला कॉलनीत ३० × ५० चा प्लॉट आहे. पुढे रस्त्यावर बरोबर ३० फूट भरतात, मागे २९ फूट ५ इंच. उजवीकडे शेजाऱ्यांची ९ इंची पक्की भिंत आहे. डावीकडच्या काकांनी सिमेंटचे खांब रोवून तार ओढलेली आहे, आणि ती मागे जाताना आमच्याकडे झुकल्यासारखी दिसते. काकांचा स्वभाव चांगला. ते म्हणतात, तार काढून दोघांत मिळून पक्की भिंत घालू, खर्च अर्धा अर्धा. त्यांच्याकडे मुरमाचा भराव आमच्यापेक्षा दीड फूट उंच आहे. जमीन काळी.

पटवाऱ्याला बोलवायचं का? भिंत रेषेवर घ्यावी की आपल्या हद्दीत? पाया किती खोल, ४½ इंची चालेल का? आणि ७ इंच त्यांच्याकडे निघाले तर संबंध न बिघडवता काय करावं?

---

सूत_ओळंबा:

७ इंच काकांनीच घेतले असं धरून बसू नका. तुम्ही उजवी भिंत ते डावी तार मोजलीत. उजवी भिंत रेषेवर आहे हे कोणी तपासलं? शिवाय ९ इंची भिंतीवर दोन्ही अंगांनी प्लास्टर चढलं की ती १० इंचांच्या वर जाते. मूळ आखणी विटेच्या तोंडाची होती की प्लास्टरच्या, यातच पाऊण इंचाचा फरक पडतो.

इंदूरच्या कॉलन्यांत नेहमीचा घोळ असा. पहिल्या घराचा मिस्त्री कोपऱ्यावरून मोजतो, दुसरा पहिल्याच्या भिंतीपासून, तिसरा दुसऱ्याच्या. प्रत्येक ठिकाणी दीड इंच सरकलं तरी आठव्या प्लॉटपर्यंत फूटभर गेलेलं असतं, आणि भांडण मात्र सातव्या-आठव्यात लागतं. म्हणून शेजारच्या भिंतीपासून मोजायचंच नाही. मंजूर ले-आउटची प्रत काढा (कॉलनायझरकडे, म्हणजे कॉलनी पाडणाऱ्याकडे असते, विकास प्राधिकरणाची स्कीम असेल तर प्राधिकरणाकडे) आणि रांगेच्या कोपऱ्याच्या प्लॉटपासून, रस्त्याच्या कडेने सुरुवात करा.

१०० फुटी स्टीलची टेप घ्या. कापडी टेप ताणली की वाढते, सैल धरली की झोळ पडतो, आणि ५० फुटांत इंचभराचा फरक सहज येतो. कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे का ते ९-१२-१५ फुटांच्या त्रिकोणाने बघा. नंतर कर्ण मोजा. ३० × ५० चे दोन्ही कर्ण ५८ फूट ३¾ इंच यायला हवेत. एक जास्त, एक कमी आला तर प्लॉट तिरका आखलाय.

खरी परीक्षा मागच्या बाजूची. रांगेत आठ प्लॉट असतील तर मागे एकूण २४० फूट भरतात का बघा. भरले तर तुमचे ७ इंच कोणाकडे तरी आहेत. २३९ फूट ५ इंच भरले तर ते ले-आउटमध्येच नव्हते, कोणी खाल्ले नाहीत. बहुतेक भांडणं हे एक माप घेतलं असतं तर झालीच नसती.

पटवाऱ्याचं म्हणाल तर मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम १२९ खाली तहसीलदारांकडे सीमांकनाचा अर्ज होतो, लोक सेवा केंद्रातून देता येतो. लगतच्या मालकांना सूचना जाते, राजस्व निरीक्षक येऊन मोजतात. पण ते खसऱ्याची (महसुली नोंदीतल्या जमिनीच्या नंबराची) हद्द दाखवतात, कॉलनीतल्या प्लॉट नंबर अमुकची नाही. तुमचा प्लॉट कॉलनीच्या बाहेरच्या कडेला, शेताला लागून असेल तर नक्की करा. आतल्या रांगेत असेल तर ले-आउट हाच आधार.

रेषा ठरली की चारही कोपऱ्यांत १२ मिमीची सळई काँक्रीटमध्ये बसवा. लाकडी खुंटी पहिल्या जेसीबीबरोबर जाते. काका समोर असताना मोजा, कागदावर कच्चा नकाशा काढून मापं टाका आणि दोघांच्या सह्या घ्या.

---

काळीमाती:

मापाचं वर झालंच आहे. पायाचं सांगतो, कारण इथे पैसे तिथेच बुडतात.

मे महिन्यात आपल्या काळ्या मातीत हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगून वर येते. दीड-दोन फुटांवर पाया ठेवलेली भिंत दरवर्षी वर-खाली होते. ओळखायची खूण म्हणजे विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरकी चढलेली भेग. ती सिमेंटने बुजवली तरी पुढच्या वर्षी त्याच्याच शेजारी उघडते.

म्हणून सलग पाया नको, पिलर आणि बीम घ्या. सुमारे ८ फुटांवर एक खड्डा, अडीच × अडीच फूट, खोली पिवळी माती किंवा मुरूम लागेपर्यंत, साधारण ४ फूट. चारला काळीच दिसली तर अजून खणा, इथे कंजुषी नको. पिलर ९ × ९, चार सळया १० मिमीच्या, रिंगा ६ इंचांवर. खड्डा भरताना खणलेली काळी माती परत टाकू नका, मुरूम टाका. मजूर सवयीने तीच ढकलतात, तेव्हा समोर उभं राहावं लागतं.

बीम ९ × ९, पूर्ण ५० फूट, म्हणजे २८ घनफूट काँक्रीट. बीमच्या खाली २-३ इंच पोकळी हवी. ओतताना खाली थर्माकोल घालतात. माती फुगली की त्या जागेत फुगते, बीमला उचलत नाही. लोक हे सोडतात आणि मग पिलरपाशी बीम तडकतो.

५० फूट एकसंध नेऊ नका. २५ फुटांवर जोड पिलर घ्या: शेजारी शेजारी दोन, मध्ये इंचभर फट, त्यात थर्माकोल, आणि बीमही तिथे तोडलेला. म्हणजे एकूण ८ पिलर. फट वरपर्यंत मोकळी ठेवा. प्लास्टरवाला ती हमखास लिंपून टाकतो.

आता काकांचा दीड फूट भराव. ४½ इंची भिंत माती अडवायला नसते, पहिल्या मोठ्या पावसात पोट काढते. खालचे दीड फूट ९ इंची, १:४ मसाल्यात (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), आणि वरचे साडेतीन फूट ४½ इंची करा. भराव पुढे दोन फुटांच्या वर जाणार असेल तर तेवढा भाग आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट). भरावातलं पाणी निघायला दर ५-६ फुटांवर ३ इंची पाइप, मागे गिट्टी (खडी). ते पाणी तुमच्या अंगणात उतरणार, तेव्हा भिंतीलगत रस्त्याकडे उताराची छोटी नाली आत्ताच काढा. पुढच्या दहा वर्षांची कुरबुर या नालीवरच असते.

विटा ९ × ४½ × ३ धरून (सांध्यासकट), पिलर वजा करून, तूट मिळवून साधारण १,६५०. भुसभुशीत वीट खालच्या भागात अजिबात नको. पिलर-बीमची नीट मुदतभर तराई करा (पाणी मारून ओलं ठेवा) आणि पाया पावसाआधी उरका. भरलेल्या खड्ड्यातून पाणी उपसून ओतलेलं काँक्रीट बिनभरवशाचं.

---

कोर्टफी:

रेषेवर की आपल्या हद्दीत? खर्च अर्धा असेल तर भिंत मधोमध रेषेवर, अर्धी जाडी इकडे अर्धी तिकडे. फूटिंग (पिलरखालचा पसरट पाया) दोघांच्या जमिनीत जाणार, म्हणून लेखी संमती हवीच. स्टॅम्पवर सहमतीपत्र, दोन साक्षीदार, सोबत सूत_ओळंबा यांनी सांगितलेला सही केलेला नकाशा. त्यात जाडी, उंची, खर्चाचा वाटा आणि दुरुस्ती कोणाची हे लिहा. एकमेकांना न विचारता उंची वाढवायची नाही, भिंतीत तुळई किंवा शेडचा पाइप घुसवायचा नाही, हेही लिहा. शेवटचं कलम लोकांना आगाऊ वाटतं, पण खटके त्यावरूनच उडतात.

एकट्याच्या खर्चाची भिंत संपूर्ण आपल्या हद्दीत घ्या, खड्ड्याची कडसुद्धा रेषेपलीकडे नको. फूटिंग भिंतीच्या दिशेने लांबट करा, दीड × साडेतीन फूट वगैरे. वरच्या कोपिंगचा (भिंतीच्या माथ्यावरच्या थराचा) उतार आपल्याकडेच ठेवा.

७ इंच खरंच काकांकडे निघाले तर तो त्रिकोण आहे, मागे ७ इंच आणि पुढे शून्य. क्षेत्र साडेचौदा चौरस फुटांच्या आसपास. तार सरकवणं दोन तासांचं काम, सामंजस्यात तेच करा. 'राहू द्या, पैसे द्या' असं ठरलं तर नोटरीच्या कागदाने जमीन जात नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो. तसेच सोडायचे असतील तर 'ही तार हद्द नाही' एवढं तरी काकांकडून लिहून घ्या. मालकी हक्कावरून ताबा मागायची मुदत, ताबा विरोधी झाल्यापासून (म्हणजे समोरचा ती जागा आपलीच म्हणून उघड धरून बसल्यापासून), १२ वर्षांची आहे. काका सज्जन असतील, पण प्लॉट उद्या विकला जाऊ शकतो.

स्वतःहून खांब उपटायला जाऊ नका. जागा आपली असली तरी ज्याला कायदेशीर मार्गाशिवाय हुसकावलं तो ६ महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी बघितली जात नाही. प्रकरण दिवाणी न्यायालयात गेलंच तर जागेवर मोजणीसाठी कमिश्नर (न्यायालयाने पाठवलेला माणूस) नेमण्याची मागणी आधी करा. साक्षींपेक्षा मोजणीचा अहवाल जास्त बोलतो.

उंचीबद्दल: राष्ट्रीय इमारत संहितेत कम्पाउंड वॉल समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून १.५ मीटर, वरचे ०.९ मीटर जाळीदार असतील तर २.४ मीटरपर्यंत. नगर निगमाच्या परवानगीत काय लिहिलंय ते आधी वाचा.

---

बिचोलीकर:

फारच कामाचं. आज मागून मोजलं, रांगेत सहा प्लॉट, १७९ फूट ६ इंच भरले. एक राहिलं: काकांच्या लिंबाच्या दोन फांद्या इकडे येतात, भिंतीच्या आड येतील.

---

सूत_ओळंबा:

म्हणजे १८० मधले ६ इंच मुळातच नाहीत. तुमच्या ७ इंचांपैकी त्यातले किती, हे सगळ्या सहा प्लॉटांच्या मागच्या रुंदी लिहून काढल्याशिवाय कळणार नाही. उजवी भिंतही कोपऱ्यापासून मोजा.

---

कोर्टफी:

फांदी आपल्या हद्दीवर आलेली असेल तिथपर्यंत छाटता येते, पलीकडे शिरून नाही. लिंबं मात्र काकांची. झाड मुळापासून काढायचं तर वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते, शहरी भागासाठी २००१ चा राज्याचा कायदा आहे. छाटायच्या आदल्या दिवशी सांगून ठेवा.

---

काळीमाती:

आणि त्या झाडापासून पहिला पिलर ४ फूट तरी लांब घ्या. मूळ पाणी ओढतं, तेवढ्या जागची काळी माती जास्त आकसते.