मिरीग लागला की माझं चालणं बंद पडतं, काय करू?

प्रश्न (अनगोळ)
नमस्कार. वय 44, उद्यमबागेत फौंड्रीच्या मशीन शॉपला कामाला. दर वर्षी दिवाळी झाली की व्हॅक्सिन डेपोच्या झाडीच्या आवारात चालायला सुरुवात करतो. पहाटे साडेपाचला त्या झाडांखालनं दोन फेऱ्या मारल्या की दिवसभर अंग हलकं राहतं. मेपर्यंत सहसा चुकत नाही. मग मिरीग येतो आणि आपल्या बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. काल दाराआडचे बूट काढले, तर आत पांढरी बुरशी. बघून पोटात कालवलं. यंदा साखर सीमेवर आलीय, आणि साखरेपायीच वडिलांचा पाय कापावा लागला होता. मनात लई आहे, पण पावसात टिकत नाही. तुम्ही कसं करता?

उत्तर (वडगाव)
दादा, चालायचं म्हणजे डेपोतच, हे आधी डोक्यातनं काढा. मी रात्री जेवण झालं की भांडी घासायच्या आधी सोप्यातनं स्वैपाकघरापर्यंत 15 मिनिटं येरझाऱ्या घालते. जेवल्यावर चाललं की रक्तात चढणारी साखर स्नायू ओढून घेतात. दोन पावसाळे जमलंय मला. भांडी रोजच असतात, त्यामुळं आठवण करून द्यावी लागत नाही.

उत्तर (खानापूर)
आमच्याकडं तर पाऊस तुमच्याहून जास्त. पण तालमीत पावसाळ्यातच जोर-बैठका वाढायच्या, छप्पर होतं की वो! जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. तुमचा दुसरा भाग राहूनच गेलाय. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरनं ऊठ-बस करा.

आणि एक. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या 2009 च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, कुणाला 18, तर कुणाला 254 पर्यंतचा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. तुम्ही आठवडा चुकला की वर्षच गेलं असं धरताय, मला वाटतं घोटाळा तिथं आहे.

प्रश्नकर्ता
ताई, दादा, मनापासून आभार. रात्रपाळीच्या आठवड्यात डबा खाल्ला की शेडमध्येच चालतोय. घरी परवा 12 बैठका झाल्या, तेराव्याला मांड्या थरथरल्या. धाकटी शेजारी उभी राहून मोजत होती, आज तिनंच हाक मारली. बूट धुऊन आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवलेत.