प्रतिसाद: निऑन टेट्रा आणि नागपूरचा मे महिना
लहान प्लांटेड टँकसाठी, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टँकसाठी, निऑन टेट्रा हे छोटे मासेच बेस्ट असं वरच्या पोस्टमध्ये सुचवलंय, रंग आणि शांत स्वभाव बघता पटतं, पण नागपुरात आधी मे महिन्याचा विचार करा. बाहेर ४५ अंश असताना छोट्या टँकचं पाणी सहज ३० च्या वर जातं आणि निऑनला २१ ते २६ च मानवतं. त्यापेक्षा कार्डिनल टेट्रा घ्या, लाल पट्टा पूर्ण अंगभर असतो, दिसतातही जास्त भारी आणि उष्णता बऱ्यापैकी सोसतात, आठ-दहांचा थवा ठेवा, सोबत एखादी हनी गोरामी मासोळी, ती वर येऊन हवेतून श्वास घेते म्हणून गरम पाण्यात तगते. बोअरचं जड (जास्त क्षारांचं) पाणी असेल तर मात्र कार्डिनलचा हट्ट नको, त्यात गप्पी-प्लॅटी हे मासेच खुलतात.

आणि हो, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यात रात्री झाडंही तोच वापरतात, त्यामुळे उन्हाळ्यात रात्री एअर पंप बंद करू नका प्लीज. मी काचेचं झाकण काढून जाळी लावतो आणि पाण्यावर छोटा पंखा सोडतो, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, फक्त खोलीत कूलर सुरू असला की हवा दमट होते आणि फरक कमी पडतो.