जमीन नव्हे, जंगम मालमत्ता

पूर्वी चर्चच्या कोर्टात जमिनीचे तंटे सुटायचे असं कुणी म्हणतं, ते इंग्लंडपुरतं तरी पटत नाही. या कोर्टांकडे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं ठरवण्याचं काम, आणि मेलेल्याची जंगम मालमत्ता, म्हणजे पैसा-सामान. जमिनीवरून वाजलं की दुसरं कोर्ट गाठायचं.

खरा मसाला मृत्युपत्रांच्या खटल्यांतल्या साक्षींत आहे. ज्युरी नाही, समोरासमोर उलटतपासणी नाही. प्रश्न लिहून द्यायचे आणि साक्षीदाराला एकट्याला बसवून उत्तरं उतरवून घ्यायची. त्यामुळे मरणाऱ्याच्या उशाशी कोण होतं, तो शुद्धीत होता का, कागद वाचून दाखवला का, हे घरातल्या मोलकरणींच्या तोंडूनही वाचायला मिळतं. तोंडी मृत्युपत्रं तर भांडणाचं मूळच! १६७७च्या कायद्याने ३० पौंडांवरच्या मालमत्तेसाठी अशा मृत्युपत्राला तीन साक्षीदार सक्तीचे केले. १८५८मध्ये हे सगळं काम चर्चकडून सरकारी कोर्टाकडे गेलं.