कीथ मूरचं सर्टिफिकेट कशाला हवं?

चाळकरी_परळ
परवा ‘नूर_मुंब्रा’ यांनी लिहिलं : “सूक्ष्मदर्शक नव्हता तेव्हा, सातव्या शतकात, कुरआनने गर्भाच्या पायऱ्या सांगितल्या. टोरांटोचे अॅनॅटॉमीचे प्राध्यापक कीथ मूर, त्यांनीही मान्य केलं. आता पुरोगामी काय बोलणार?” पुरोगामी गप्प बसत नाहीत म्हणूनच शिव्या खातात, तेव्हा बोलतो.

सूरह अल-मुमिनून, आयत १२ ते १४. थेंब, मग चिकटलेली गाठ, मग चघळलेल्या घासासारखा गोळा, मग हाडं, मग हाडांवर मांस. वाचायला सुंदर आहे, वाद नाही. पण गर्भाच्या चार पायऱ्या ग्रीक वैद्य गॅलेनने दुसऱ्या शतकातच मांडल्या होत्या. गॅलेनचे ग्रंथ सिरियाक भाषेत आणणारा रेशैनाचा सर्जियस ५३६ साली वारला, म्हणजे पैगंबरांच्या जन्माआधी. कोणी कोणाची कॉपी केली असं मी म्हणत नाही. गर्भ पायरीपायरीने वाढतो ही कल्पना त्या मुलखाच्या आसपास जुनीच होती, एवढंच.

शेवटची पायरी तर जुळतच नाही. हातापायांच्या कळ्यांत कूर्चा धरू लागते त्याच सुमारास स्नायूंच्या पेशीही तिथे येऊन पोचतात. कूर्चेचं हाड व्हायला सातवा-आठवा आठवडा उजाडतो, तोवर स्नायू हजर असतात. लालबागच्या कारखान्यात मोठ्या मूर्तीचा आधी सांगाडा उभा करतात आणि मग वर प्लास्टर चढवतात. गर्भ तसा घडत नाही.

आणि मूरच्या गर्भशास्त्राच्या पुस्तकाची ती ‘इस्लामी’ आवृत्ती, १९८३ ची. त्यातली पुरवणी येमेनी धर्मगुरू अब्दुल मजीद अल-झिंदानी यांची. फॉरवर्डमध्ये मात्र सगळं मूरच्या खात्यावर.

नूर_मुंब्रा
मूरनी १९८६ मध्ये याच विषयावर स्वतःच्या नावाने लेख लिहिलाय, तो सोयीने विसरलात. अॅनॅटॉमीचे प्राध्यापक ते, आणि चुका काढणार तुम्ही!

आयत म्हणजे क्लासचं टाइमटेबल नाही. अॅरिस्टॉटल सांगून गेला की पाळीच्या रक्तातून गर्भ घडतो. एवढं गाजलेलं मत, पण कुरआनमध्ये नाही. का नाही, याचं उत्तर द्या.

आणि दर वेळी आमच्यावरच धागा का? २०१५ ला इथे कलिन्यात सायन्स काँग्रेसमध्ये वैदिक विमानं उडाली. २०१९ ला जालंधरच्या काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी कौरवांना टेस्ट ट्यूब बेबी केलं. तेव्हा तुमची लेखणी कुठे होती? आम्ही कोकणी, घरात मराठीच बोलतो, तरी इथे आलं की पाहुणे.

चाळकरी_परळ
विमानांवर लिहिलं होतं, तिथेही शिव्याच मिळाल्या. पाहुणे कोणी म्हटलं? पोस्ट तुमची, म्हणून उत्तर तुम्हाला.

‘सूक्ष्मदर्शकाशिवाय कसं कळलं’ याचं म्हणाल, तर प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतला एक ग्रंथ सांगतो : वीस अंडी उबवायला ठेवा, रोज एक फोडा. आम्ही झूऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला तेच करायचो. कात्रीने कवच गोल कापायचं, बलकावर फिल्टर पेपरची चकती ठेवायची. तिसऱ्या दिवसाच्या अंड्यात लाल ठिपका उड्या मारताना नुसत्या डोळ्यांनी दिसतो. शेजारचा पार्टनर वास नको म्हणून रुमाल बांधून बसायचा, पण हे दिसलं की रुमाल खाली.

मास्तरीण_कुर्ला
नूरभाई, मी रत्नागिरीकडचीच, उर्दू माध्यमात सायन्स शिकवते. दहावीच्या एका मुलाने गर्भवाढीच्या प्रश्नाला आयत आणि मूरचं नाव लिहिलं, बाकी कोरं. मार्क दिले नाहीत तर वडील स्टाफरूममध्ये उभे, “टीचर, तुम्ही मुसलमान ना?” त्या दिवशी जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

चौदाव्या शतकात इस्लामी विद्वान इब्न अल-कय्यिमनी हेच केलं होतं. तेव्हा आयती आणि हदीस (पैगंबरांची वचनं) हिप्पोक्रेटिसशी जुळवले, आज तुम्ही मूरशी जुळवताय. हिप्पोक्रेटिसचं वैद्यक मागे पडलं, मूरच्या पुस्तकाची दर थोड्या वर्षांनी नवी आवृत्ती निघते. प्रत्येक वेळी नव्याने जुळवत बसणार का? मी नमाज पढते ती कुठल्या कॅनेडियनच्या शिफारशीवर नाही.

नूर_मुंब्रा
टीचर, तुमचा इल्म तुम्हाला मुबारक. त्या मुलाला निदान अर्धा मार्क द्यायचा होता.

गोरेगावकर
काय हे ग्रीक आणि कॅनडा! आमच्या गर्भोपनिषदात सगळं आधीच आहे. एका रात्रीत कलल (चिकट द्रव), सात रात्रींत बुद्बुद (बुडबुडा), पंधरवड्यात पिंड, महिन्यात कठीण, दोन महिन्यांत डोकं. म्हणून म्हणतो, गर्भसंस्कार करा. आमच्या सुनेला क्लास लावलाय, फी जास्त आहे पण नातू तेजस्वी होणार.

सिस्टर_शिवडी
काका, त्याच उपनिषदात लिहिलंय की आईबापांचं चित्त व्याकूळ असेल तर मूल आंधळं, लंगडं, कुबडं, ठेंगू होतं. क्लासवाले ते शिकवतात का? की सुनेचं बीपी वाढेल म्हणून वगळतात?

माझ्या नणंदेचं बाळ फाटक्या ओठाचं जन्मलं. सासूने वॉर्डातच सुरू केलं, “ग्रहणात भाजी चिरली हिने.” बिचारी दूध पाजायला धडपडतेय, बाळाला ओढता येत नाहीये, आणि चार बायका खाटेभोवती विळीचा हिशोब करतायत. ग्रहण लागलं तेव्हा तिला सातवा होता हो! वरचा ओठ जुळायचं काम दुसऱ्या महिन्यातच आटपतं. सातव्यात विळी घ्या नाहीतर कुऱ्हाड. पोराचं ऑपरेशन झालं, ओठावर बारीक रेघ उरलीय, शिट्टी मस्त वाजवतो. आई मात्र अजून ग्रहणाच्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही.

गोरेगावकर
ग्रहण पाळण्यामागे शास्त्र आहे. तुम्हाला हिंदूंचंच दिसतं.

सिस्टर_शिवडी
माझ्या वॉर्डात सगळ्या धर्मांच्या सासवा येतात काका. सुनेला बोलण्यात कोणी मागे नाही.

मास्तरीण_कुर्ला
सिस्टर, +१. आमच्यातही काही घरांत ग्रहणाला पोटुशीला सुरी धरू देत नाहीत. हदीस उलट सांगते. पैगंबरांचा मुलगा इब्राहीम गेला त्याच दिवशी ग्रहण लागलं आणि लोक म्हणू लागले की सूर्यालाही दुःख झालं. त्यांनी स्वतः सांगितलं, कोणाच्या जगण्यामरण्याने ग्रहण लागत नाही.

चाळकरी_परळ
वा! हे आधी सांगितलं असतं तर निम्मा धागा वाचला असता. नूरभाई, याचा व्हिडिओ फॉरवर्ड करा, मी स्वतः दहा ग्रुपवर टाकतो.

नूर_मुंब्रा
बघा, आमच्या हदीसची तारीफ करायला सुद्धा तुम्हाला ग्रहण लागावं लागतं. आणि अॅरिस्टॉटलचं उत्तर अजून आलेलं नाही.

चाळकरी_परळ
एखादी चूक पाच-सात ओळींत आली नाही याचा पुरावा करायचा, तर माझ्या रेशनकार्डातही अॅरिस्टॉटलची चूक नाही.

नूर_मुंब्रा
रेशनकार्ड मध्ये आणू नका. वडिलांचं आडनाव त्यात चुकलंय, ते दुरुस्त करायला मी अजून फेऱ्या मारतोय.

गोरेगावकर
सिस्टर, सातव्यातलं राहू द्या एक वेळ. दुसऱ्या महिन्यात ग्रहण लागलं असतं तर?

सिस्टर_शिवडी
तरी विळीचा संबंध नाही. सुनेला विचारा, फोलिक अॅसिड चालू आहे का. मज्जारज्जूची नळी चौथ्या आठवड्यातच मिटते, बऱ्याच जणींना तोवर दिवस गेलेत हेच कळलेलं नसतं, म्हणून गोळ्या आधीपासून घ्यायच्या. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. क्लासच्या फीत बसवायची गरज नाही.