मदत हवी आहे: चौतिसाव्या वर्षी स्वतःला काय हवंय ते कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी. राहायला कर्वेनगर, अकरा वर्षं हिंजवडीत टेस्टिंगची नोकरी. पगार बरा, त्रास म्हणावा असा काही नाही, तरी रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो.

मागच्या आठवड्यात एक उद्योग केला. शॅलोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ साली मांडलेली दहा मूल्यं लाइट बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिली, चिठ्ठ्या कापल्या आणि नको त्या एकेक बाजूला सारत गेलो. वाटलं होतं, शेवटी 'परोपकार' उरेल. उरली 'सुरक्षितता'. खरं सांगतो, लाजच वाटली. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा मी सातवीत होतो, त्यामुळे असेल.

दुसरीकडे, दर शनिवारी वस्तीतल्या पाच-सहा मुलांना गणित शिकवतो. अपूर्णांक समजावताना भाकरीचे तुकडे करतो, तेव्हा घड्याळाकडे बघायचं भानच राहत नाही. पण त्यावर गृहकर्जाचा हप्ता फिटत नाही! आई म्हणते, "सुख दुखतंय तुला."

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा बिनशर्त आत्मस्वीकार, म्हणजे स्वतःला गुणदोषांसकट, कुठलीही अट न घालता स्वीकारणं, वाचायला पटतो. पण भित्रेपणा मान्य करायचा म्हणजे तिथेच बसून राहायचं का?

नोकरी अर्धवेळ करून शिकवण्याकडे वळलेलं कुणी आहे का इथे? पहिलं वर्ष पैशांचं कसं जमवलंत? आणि ज्ञान प्रबोधिनीत मोठ्यांसाठी कल चाचणी किंवा समुपदेशन कुणी घेतलंय का? "पॅशन फॉलो कर" एवढं मात्र सांगू नका.