पिकने वाजवला म्हणून तो बेसिस्ट नाही?

खर्जात_सुखी

परवा इथे एकाने नवशिक्यांसाठी सल्ल्याची पोस्ट टाकली. ज्यांची चुकली त्यांच्यासाठी थोडक्यात: पहिलाच बेस गिटार पाच तारांचा घ्या, चार तारांचे दिवस गेले. उजवा अंगठा पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या चुंबकपट्टीवर, टेकवलात तर हात कायमचा बिघडला. आणि पिकने (बोटांऐवजी प्लास्टिकच्या चकतीने) वाजवणारा बेसिस्ट नसतोच, बँडमध्ये जागा न मिळालेला गिटारवाला असतो. खाली साठेक लाइकचे अंगठे, त्यातला एक माझ्याच विद्यार्थ्याचा. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज: सर, माझा विकून पाच तारांचा घेऊ का? नाहीतर असल्या पोस्टी वाचून मी कूस बदलून झोपणारा माणूस आहे.

आधी पाचवी तार, म्हणजे बी. ती मोकळी वाजते ३१ हर्ट्झला. नवशिक्याच्या घरी असतो आठ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प, तोही शेजाऱ्यांच्या धाकाने दोनवर. त्यातून ३१ सोडाच, चार तारांतल्या सगळ्यात जाड ई तारेचे ४१ सुद्धा धड बाहेर पडत नाहीत. वरचे अंश ऐकू येतात, खालचं कान आपल्या मनाने भरून घेतो. म्हणजे पैसे मोजायचे ते न ऐकू येणाऱ्या तारेचे. बरं, ती गप्पही बसत नाही. तुम्ही जी तारेवर काही वाजवा, ही खाली आपली घुमतेय. तिला गप्प करणं हीच वेगळी विद्या आहे आणि ती पहिल्या महिन्यात येत नाही.

अंगठा. ई वाजवताना तो पिकअपवर. ए वर गेलात की तो खाली सरकून ई वर येऊन बसतो, ती तार आपोआप बंद. डी, जी वर गेलात की तो ए वर, आणि त्याचीच कड ई ला लागलेली. टेकवणं वाईट नाही, तिथे मुक्काम ठोकणं वाईट. एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण ‘हात कायमचा बिघडतो’ लिहिलं की लाइक जास्त मिळतात.

आणि पिक. कॅरोल के बाईंनी साठच्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत ढिगाने रेकॉर्डिंग केली ती पिकने. तिकडे डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसिस्ट जेम्स जेमर्सन एकट्या तर्जनीने वाजवायचा. त्या बोटाला ‘हुक’ असं नावच पडलं होतं. दोन बोटं आलटून पालटून, हा तुमचा नियम त्याला कोणी सांगितला नाही बहुतेक. पिक धरून तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर हलकी ठेवून बघा. जो ‘धप्’ येतो तो बोटांनी काढून दाखवा, मग बोलू.

पंचतारी_पुणे

तो ‘एक’ मी. नाव घ्यायला घाबरलात की टॅग करता येत नाही?

पिकचं सोडा, ती चेष्टा होती, तुम्हाला झोंबली. पाच तारांचं मात्र ऐका. आपले गायक काय ई आणि ए मध्ये गातात? पेटीची काळी एक, काळी दोन! तुमची सगळ्यात खालची तार कुठली? ई, म्हणजे पांढरी तीन. म्हणजे काळी दोनचा खर्जातला सा तुमच्या बेसवर जन्मालाच आलेला नाही, अर्ध्या सुराने हुकला. गायक समेवर येतोय, तबलजी डग्गा घुमवतोय, आणि तुम्ही ए तारेच्या सहाव्या घरावर, एक सप्तक वर. टुक. मी चार वर्षं चार तारांवर काढली आहेत. हा अपमान रोजचा असतो. पुस्तकं वाचून लिहिलेली नाही पोस्ट.

खर्जात_सुखी

ए चं सहावं घर म्हणजे ७८ हर्ट्झ. त्याला ‘टुक’ म्हणणाऱ्याने तारा नाही, कान बदलावेत. शिवाय ई तार एक सूर उतरवून डी करा, काळी दोन पहिल्या घरावर हजर. हां, काळी एकचा खर्ज त्यातही मिळत नाही. तेवढ्यापुरते तुम्ही बरोबर. खूश?

मंद्रसप्तक

दोघांनी मिळून हजार शब्द खर्चले अंगठा आणि पाचव्या तारेवर. डाव्या हातावर एक ओळ नाही. नवशिके सोडून जातात ते डाव्या हातामुळे!

३४ इंची (तारेची लांबी) बेसवर पहिल्या घरापासून चौथ्या घरापर्यंत १३ सेंमी अंतर आहे. गिटारवर दहासुद्धा नाही. आणि यूट्यूबवरचा प्रत्येक जण सांगतो, एका घराला एक बोट. मी तसं सहा महिने केलं. मनगट इतकं धरलं की चहाचा कप उजव्या हाताने उचलायचे. मग एका डबल बेसवाल्या काकांनी सिमांडलची जुनी पद्धत दाखवली: तर्जनी, मधलं, करंगळी. अनामिका करंगळीच्या जोडीला, ती दोघं मिळून एक बोट. तीन घरांत तीन बोटं, पुढे हात सरकवायचा. पाचव्या-सातव्या घराच्या पुढे मग काय ते एकाला एक करा. आणि बोट फ्रेटच्या, म्हणजे घरं पाडणाऱ्या पट्टीच्या, अगदी मागे लावा. घराच्या मध्यावर लावलं तर जास्त जोर लागतो आणि वर खरखर.

तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे ३० इंची बेस. तेच अंतर दीड सेंमीने कमी. मी तो घ्यायला गेले तर दुकानदार म्हणतो, मॅडम, लहान भावासाठी का? मी म्हटलं, नाही, लहान हातासाठी. पाच मिनिटं त्याने मला युकुलेले दाखवली. युकुलेले!

ओलाकोकण

तुम्ही तार चार की पाच ते ठरवा सावकाश. आमच्याकडे जून लागला की सगळ्याच तांबूस. गणपतीत केस उघडली की बोटं केशरी होतात. दर पावसाला नवा संच कोण घेणार? मी उकळतो.

दहा मिनिटं पातेल्यात, मग फडक्याने पुसून पंख्याखाली. पाण्याला चहासारखा रंग येतो, वर तेलाचा तवंग. तो एकदा पाहिलात तर वडा खाऊन बेसला हात लावणार नाही. पण आवाज? नव्यासारखा खणखणीत.

पंचतारी_पुणे

तारा उकळतात? पातेल्यात?? आणि मला इथे अडाणी ठरवतायत!

अहो, खणखणाट टिकतो आठवडाभर. वेटोळ्यातला मळ निघतो हे खरं, पण आत पाणी शिरतं आणि मधली तार गंजायला लागते. शिवाय खुंटीवरून सोडली, पुन्हा गुंडाळली, की त्याच वळणावर तुटते. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा रात्रभर, निदान ते उडून तरी जातं.

खर्जात_सुखी

किंवा काहीच करू नका. जेमर्सन तार तुटेपर्यंत बदलायचा नाही म्हणतात.

ओलाकोकण

त्याला एक पावसाळा रत्नागिरीत ठेवा, मग सांगा. तो डेट्रॉइटला होता, आणि त्याच्या तारा सपाट वेष्टणाच्या, त्यात मळ अडकतच नाही. आमच्यासारख्या खडबडीत तारावाल्यांना त्याचा दाखला देऊ नये. वाद उकळण्याचा आहे, भक्तीचा नाही. (पातेलं वेगळं ठेवलंय. आईने ठेवायला लावलं.)

आणि पावसात नुसत्या तारा नाही, नेकही (दांडी) वाकते. पहिलं घर आणि शेवटचं घर एकदम दाबा, सातव्या-आठव्या घरापाशी तार आणि फ्रेटमधली फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या सळईला) पाव आटा, आणि एक दिवस थांबा. दोन आटे एकदम मारून रडणारे मी पाहिलेत. एक तर आरशात पाहिला.

डावा_हात_कोल्हापूर

भांडा, भांडा. चार तारा, पाच तारा, उकडलेल्या तारा. पण कार्यक्रमाच्या सुपारीत तुम्हाला बोलावतंय कोण? बारा वर्षं झाली ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोय. बेस माझ्या डाव्या हातात. कीबोर्ड मधनं तोडायचा, खालच्या दोन सप्तकांवर बेसचा आवाज लावायचा, विषय संपला. काळी एक म्हणा, काळी पाच म्हणा, बटण दाबलं की स्केल बदललं. अ‍ॅम्प नको, ट्यूनर नको, एक माणूस कमी, गाडीत एक सीट मोकळी.

वसईचा_जुना

तुमच्यासारख्यांमुळेच आम्ही घरी बसलो, हे एवढ्या अभिमानाने लिहू नका.

मी सतरा वर्षं लग्नांच्या बँडमध्ये बेस वाजवला. आधी ड्रम, बेस, दोन गिटारी, ट्रम्पेट, सॅक्स. मग ऑक्टोपॅड (ड्रमचे आवाज काढणारं इलेक्ट्रॉनिक पॅड) आला, ड्रमर गेला. मग एके रात्री मंडपात पोचलो तर मॅनेजर म्हणाला, तुमचं पाकीट यावेळी नाही, कीबोर्डवाला डाव्या हाताने करतो म्हणालाय. बेस खांद्यावर, बायकोने इस्त्री केलेला शर्ट अंगात. जेवून जा म्हणाला. जेवलो नाही.

फरक सांगतो. बेसिस्ट ड्रमरच्या पायाकडे बघतो. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) पडली की माझी तार, किक थांबली की माझा तळवा तारेवर. कीबोर्डवाला बघतो आपल्या उजव्या हाताकडे, डावा आपला चालतोय बिचारा. बेसिस्ट टोनी वाझ यांनी पंचमदांच्या गाण्यांत जे वाजवलंय ते दोन सप्तकं तोडून करून दाखवा.

डावा_हात_कोल्हापूर

काका, तुमच्या पोटावर पाय मी दिला नाही. मॅनेजरनं दिला, आणि त्यानं माझं पाकीट काही वाढवलं नाही. दोन माणसांचं काम, एकाचा पैसा. ते कुणी लिहीत नाही.

आणि डाव्या हाताला हसू नका. द डोअर्स या अमेरिकन रॉक बँडकडं स्टेजवर बेसिस्टच नव्हता, कीबोर्डवाला रे मँझारेक डाव्या हातानंच ओढायचा. आता माझी गोष्ट ऐका. एकदा हट्टानं बेसिस्ट बोलावला. झकास अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवरचा बेस, चकचकीत. साउंड चेक झाला, जेवायला गेला, केबल बेसलाच लावलेली. दुसऱ्या गाण्यात आवाज फाटला, तिसऱ्यात गुल. नऊ व्होल्टची बॅटरी खल्लास. रात्री दहाला गावात बॅटरी कुठं मिळणार? उरलेली अठरा गाणी कुणी ओढली? ह्याच हातानं.

मंद्रसप्तक

बॅटरीचं मात्र १०० टक्के. जॅक आत असला की बॅटरी चालूच असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तीन बॅटऱ्या गेल्यावर कळलं.

वसईचा_जुना

बॅटरी संपली यात बेसिस्टचा गाढवपणा, वाद्याचा काय दोष? आमच्या काळी बेसमध्ये बॅटरीच नसायची.

यंत्राचंच म्हणाल तर टीबी-३०३ नावाचं इलेक्ट्रॉनिक खोकं बेसिस्टच्या जागी ठेवायलाच काढलं होतं. आपल्याकडे ते हातात घेतलं चरणजित सिंग यांनी, १९८२ साली. ते स्वतः फिल्मी वादक, बेसही वाजवणारे. त्यांनी त्याच्या साथीने राग वाजवले. म्हणजे यंत्रावर राग नाही माझा. राग कंजूषपणावर आहे. आणि पाकिटाचं तुम्ही म्हणता ते ठीक असेल, पण मग दोघांनी मिळून मॅनेजरला धरायला हवं होतं. मला कुठे कोणी फोन केला?

पंचतारी_पुणे

धागा तंत्राचा होता. आता युनियन काढा.

खर्जात_सुखी

पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत, लिहून ठेवा. डाव्या हातावर लिहायला हवं होतं हे मंद्रसप्तक यांचं बरोबर. आणि ज्या मुलामुळे हे सगळं सुरू झालं त्याला सांगतो: आहे तो बेस ठेव. अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) बाराव्या घराशी अडीच मिलिमीटरच्या आसपास करून घे, पट्टा असा बांध की बसून आणि उभं राहून बेस एकाच उंचीला येईल, आणि रोज वीस मिनिटं मेट्रोनोम लावून फक्त सूर *थांबवायचा* सराव कर.

नवा_बेस_२००५

सर, मी काल रात्रीच ऑर्डर केला. पाच तारांचा. तुमचा मेसेज सकाळी पाहिला.

खर्जात_सुखी

रविवारी घेऊन ये. बी गप्प कशी करायची ते दाखवतो. बॅटरीचा असेल तर केबल काढून आण.

डावा_हात_कोल्हापूर

तोवर काळी दोनचा खर्ज लागला तर सांगा. करंगळी मोकळीच आहे.